सर्व्हरच्या मेन्यूसाठी एफझेडएफ: दीड वर्ष वापरून

एफझेडएफ म्हणजे टाइप करू तशी यादी गाळत जाणारं टर्मिनलमधलं साधन. सर्व्हर निवडायचा मेन्यू मी दीड वर्षापासून त्यावर चालवते. माझ्याकडे २७ सर्व्हर आहेत. सगळ्यांचे आयपी पत्ते डोक्यात ठेवणं शक्यच नाही, म्हणून आधी मी बॅशमधल्या (टर्मिनलवर कमांड चालवणारा शेल) 'सिलेक्ट'वर मेन्यू बांधला होता. सिलेक्टला नावांची यादी दिली की तो प्रत्येकापुढे आकडा घालून ती छापतो. आपण आकडा टाइप करायचा, ते नाव व्हेरिएबलमध्ये येतं आणि तेच एसएसएचला (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणारी कमांड) द्यायचं. दहा ओळींची स्क्रिप्ट, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. 'पीएस३' या व्हेरिएबलमध्ये आपलं वाक्य लिहिलं की प्रॉम्प्टही (उत्तर मागणारी ओळ) हवा तसा मिळतो.

वर्षभर छान चाललं. यादी एबीसीच्या क्रमाने होती: ३ नंबरला 'डीबी-प्रॉड', ४ नंबरला 'डीबी-टेस्ट'. एक दिवस 'बॅकअप' नावाचा सर्व्हर वाढला आणि त्याच्याखालचे सगळे एकेक घर खाली सरकले. बोटांना मात्र ४ चीच सवय. ४ दाबलं, आत गेले आणि टेस्टचा समजून प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या वापरातला, डेटाबेस बंद केला. अकरा मिनिटं सगळ्यांचं काम अडलं. त्या दिवशी ठरवलं, आकड्यांचा मेन्यू नको. कुठे जातोय त्याचं नाव डोळ्यांनी वाचल्याशिवाय दार उघडता कामा नये.

टर्मिनलवर चौकटीत मेन्यू दाखवणारे व्हिपटेल आणि डायलॉग, दोन्ही पाहिले. चौकटी देखण्या आहेत, पण २७ नावांतून बाणाने उतरत बसायला मला वेळ नाही. शिवाय निवडलेलं उत्तर ते नेहमीच्या आउटपुटऐवजी एरर स्ट्रीमवर (चुकांचे संदेश जातात ती वाट) टाकतात, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये स्ट्रीमची अदलाबदल करावी लागते.

एफझेडएफ वेगळा आहे. त्याला यादी द्यायची आणि नावातली सुचतील ती अक्षरं टाइप करायची. यादी तिथल्या तिथे आटत जाते. 'टेस्ट' लिहिलं की फक्त टेस्टचेच उरतात. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल आहे, होम फोल्डरमध्ये ठेवली तरी चालते. उंची चाळीस टक्के दिली की पूर्ण स्क्रीन व्यापत नाही, आधीचं आउटपुट वर दिसत राहतं. ही छोटी गोष्ट मला फार आवडते.

मला सर्वात उपयोगी पडली ती प्रीव्ह्यूची खिडकी, म्हणजे यादीत ज्या नावावर आहोत त्याची माहिती दाखवणारा भाग. तिथे मी 'एसएसएच' कॅपिटल जी पर्यायासह चालवते. हा पर्याय जोडणी न करता त्या नावाची अंतिम सेटिंग्ज छापतो: खरा पत्ता, युजर, पोर्ट, मधला जंप होस्ट (ज्यातून पुढे जायचं तो सर्व्हर). एंटर दाबायच्या आधी मी ते वाचते, आणि प्रॉडक्शनचा युजर मुद्दाम वेगळा ठेवलाय, तो लगेच नजरेत भरतो.

कोणी असा मेन्यू बांधणार असेल तर सर्व्हरची वेगळी यादी ठेवू नका. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमधल्या 'होस्ट' ओळींतूनच नावं काढा, तारांकन असलेल्या (एकाच वेळी अनेक नावांना लागू होणाऱ्या) ओळी तेवढ्या वगळा. नाहीतर दोन याद्या महिन्याभरात एकमेकींपासून फटकतात. आणि एस्केप दाबल्यावर नाव रिकामं येतं, ते तपासून तिथेच थांबा. नाहीतर एसएसएच आपली वापराची माहिती छापून बाहेर पडतं आणि माणूस गोंधळतो.

एक तक्रार आहे. सैल जुळणीमुळे (अक्षरं नावात सलग नसली तरी चालतात) दोन-तीन अक्षरांत भलतंच नाव वर येऊ शकतं, आणि घाईत एंटर दाबला तर धोका आहेच. म्हणून अक्षरं सलगच जुळवणारा 'एक्झॅक्ट' पर्याय मी कायम चालू ठेवते. तरीही ज्याच्या नावात 'प्रॉड' आहे त्याच्यासाठी स्क्रिप्ट पूर्ण नाव पुन्हा टाइप करायला लावते. तीन सेकंद जातात. टीममधल्या एकाने ती पायरी काढून टाकायला सांगितली होती. मी काढली नाही.