नोहाचं तारू आणि ओसायरिस: कुठलं साम्य जड?

जुन्या पुराणकथांशी साम्य दिसल्यानं ख्रिस्ती श्रद्धेला तडा जातो का, या वादात सगळी साम्यं एकाच तागडीत घातली जातात. दोनच घेऊन बघू.

१८७२ साली जॉर्ज स्मिथनं ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाटीवर गिलगामेश या बाबिलोनी महाकाव्यातला प्रलय वाचला. त्यात प्रलयातून वाचलेल्या उत्नपिश्तिमची नाव डोंगरावर टेकते. मग तो कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडतो. बायबलात तारवातून वाचलेला नोहा सोडतो आधी कावळा, मग कबुतर. हा योगायोग म्हणणं मला तरी अवघड जातं. (शतपथ ब्राह्मणातला मनूही नावेतून वाचतो, पण तिथे पक्षी नाहीत.) मात्र फरक बघा: बाबिलोनी देव बळीच्या वासानं माश्यांसारखे जमतात. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातला एकच देवही होमाचा सुवास घेतो, पण त्यानं प्रलय आणलेला असतो माणसाच्या दुष्टपणामुळे. जुनीच कथा, पण तिच्यातून देवाविषयी वेगळंच सांगितलंय. अडचण होते ती बायबल अक्षरशः खरं मानून वाचणाऱ्याची.

इजिप्तच्या ओसायरिस या देवाचं येशूच्या पुनरुत्थानाशी दाखवलं जाणारं साम्य त्यामानानं पातळ. भाऊ सेत त्याला मारतो, बायको इसिस तुकडे जुळवते, पण तो मृतांच्या लोकाचा राजा होतो. या जगात राहायला परतत नाही. येशू रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात क्रुसावर गेला, आणि त्याचा प्रेषित पौल जेमतेम पंचवीसेक वर्षांनी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पुनरुत्थानाबद्दल लिहितो, तेही यहुदी धर्मग्रंथांचा हवाला देत. पुनरुत्थान घडलं की नाही, हा वाद खुशाल घाला. त्यात ओसायरिसची साक्ष काढून काही हाती लागत नाही.