गाडी शिकवायची कुणी: शाळेनं, ड्रायव्हिंग स्कूलनं की घरच्यांनी?

नागपुरात अकरावीचा प्रवेश झाला की घरात पुढची मागणी गाडीची. कॉलेज एका टोकाला, क्लास दुसऱ्या टोकाला, मेट्रो दोन्हीपैकी एकाच्याच जवळून जाते आणि ‘आपली बस’ची वाट पाहायला कुणाला सवड नसते. मग मोपेड येते, लायसन्सचं नंतर बघू म्हणून राहून जातं. अशा वेळी पालक-शिक्षक संघात कुणीतरी म्हणतंच, मुलं चालवणारच आहेत तर शाळेनंच ड्रायव्हिंग सक्तीचं करावं, अमेरिकेत करतातच की.

शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय चालवणाऱ्यांपुढे आणि पालकांपुढे यात चार वाटा आहेत. शाळेत सक्तीनं फक्त रस्त्याचे नियम आणि धोके शिकवायचे, शाळेत प्रत्यक्ष गाडीही शिकवायची, हे काम ड्रायव्हिंग स्कूलवर सोपवायचं, किंवा घरीच शिकवायचं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिली वाट सक्तीची असावी आणि दुसरी टाळावी. तिसरी-चौथी एकत्र करावी, पण अठरा पूर्ण झाल्यावर.

आधी वय मोजा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ प्रमाणे गाडी चालवण्याचं वय १८ आहे. १६ व्या वर्षी सूट मिळते ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला, आणि तिच्या शिकाऊ लायसन्ससाठी पालकांची लेखी संमती लागते. आता घरोघरी असलेल्या मोपेडी ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, म्हणजे ही सूट कागदावरच उरली आहे. आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होते, तेव्हाही वर्गातल्या पुष्कळ मुलांना अठरा पूर्ण झालेली नसतात.

अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-ए लागतं. पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकांना सिद्ध करावं लागतं. रोज सकाळी किल्ली हातात देणाऱ्यांना ते जमणं कठीण. गाडी आईच्या नावावर असेल तर मालक म्हणून नाव आईचं येतं. आणि ‘मालक’ या शब्दात संस्थाही बसते: शाळेनं घेतलेली गाडी सोळा वर्षांच्या मुलानं रस्त्यावर आणली, तर प्रश्न संस्थेला विचारला जाईल. विम्याचंही तसंच. वैध लायसन्स नसलेला चालक असला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बारगळतो, आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

अमेरिकेचा दाखला अर्धाच दिला जातो

शाळेतल्या ड्रायव्हिंगच्या वर्गांवर सगळ्यांत जास्त अभ्यास अमेरिकेतच झाला आहे, आणि त्याचा निकाल या प्रस्तावाच्या बाजूनं लागत नाही. जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब काउंटीत सुमारे १६ हजार विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रयोग झाला. एका गटाला अगदी सविस्तर अभ्यासक्रम, दुसऱ्याला लायसन्सपुरता, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. अपघातांमध्ये टिकणारा फरक सापडला नाही. कनेक्टिकटमध्ये १९७० च्या दशकात राज्यानं या वर्गांचं अनुदान थांबवलं. ज्या गावांनी वर्ग बंद केले तिथे १६-१७ वर्षांच्या मुलांचं लायसन्स काढणंच लांबलं आणि त्या वयाचे अपघात घटले. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००१ च्या आढाव्याचाही सूर तोच होता: शाळेतल्या ड्रायव्हिंगनं अपघात कमी होतात याला पुरावा नाही, मुलं लवकर रस्त्यावर येतात एवढं मात्र दिसतं.

उलट बाजूही आहे. नेब्रास्कातल्या २०१५ च्या अभ्यासात वर्ग केलेल्या मुलांचे अपघात आणि दंड कमी आढळले. पण तिथे कोणत्या मुलानं वर्ग करायचा हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. जी मुलं स्वतःहून वर्गाला जातात ती मुळातच जरा जपून चालवणारी असू शकतात.

खरा फरक पडला तो टप्प्याटप्प्यानं लायसन्स देण्याच्या पद्धतीनं. न्यूझीलंडनं ती १९८७ मध्ये सुरू केली. आधी सोबतीला अनुभवी चालक, मग एकट्यानं पण रात्री १० ते पहाटे ५ बंदी आणि मित्रांना बसवायला बंदी, शेवटी पूर्ण मुभा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तासांचं लॉगबुक भरावं लागतं, त्यातले २० तास रात्रीचे. ब्रेक कुठला आणि अ‍ॅक्सिलरेटर कुठला हे कुणीही आठवड्यात शिकतो. समोरची रिक्षा आता थांबणार, हे ओळखायला तास खर्चावे लागतात, आणि ते तास शाळेच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

प्रात्यक्षिकाचा हिशेब करून पाहा

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तासांचं हवं. साठ मुलांच्या एका तुकडीला हे ६०० तास होतात. एक गाडी, एक प्रशिक्षक, रोज चार तास धरले तर १५० दिवस. शाळेचं निम्म्याहून जास्त वर्ष एका तुकडीत गेलं, आणि कनिष्ठ महाविद्यालयात तुकड्या चार-चार असतात. शिवाय संस्थेला स्वतःच्या नावानं मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं लायसन्स, दुहेरी ब्रेक-क्लचची गाडी आणि नियमात बसणारा प्रशिक्षक लागेल. एप्रिलनंतर सकाळी नऊच्या पुढे मैदानावर उभं राहता येत नाही, पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो. हे सगळं करून मुलगा शिकणार कार, आणि उद्या चालवणार मोपेड.

सक्ती करायचीच तर बारा तासिकांची

रस्त्याचं शिक्षण नववीपासून घेता येतं. त्याला वयाची अट नाही आणि खर्च नावापुरता. पण पोस्टर स्पर्धा आणि रस्ता सुरक्षा सप्ताहातली शपथ म्हणजे शिक्षण नव्हे. बारा तासिका पुरतात, त्यातल्या निम्म्या मैदानावर घ्याव्यात.

थांबण्याचं अंतर खडूनं आखून दाखवा. ताशी ४० किमी वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे ११ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ब्रेकला साधारण तेवढेच आणखी. एकूण २२. ताशी ६० ला हेच १७ आणि २४, एकूण ४१ मीटर. बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब असतं. ४० ची गाडी कोर्टातच थांबते, ६० ची कोर्ट ओलांडून १३ मीटर पुढे. मुलांना खरं चकित करतं ते वेगळंच: जिथे ४० ची गाडी पूर्ण थांबली, त्या २२ मीटरच्या रेषेवर ६० ची गाडी अजून ताशी पन्नासच्या वर असते. वेग दीडपट झाला म्हणून टक्करही दीडपट, असं होत नाही.

दुसरी तासिका बसची. शाळेची बस मैदानात उभी करा, डाव्या बाजूला आणि नाकासमोर खेटून आठ-दहा मुलं उभी करा आणि एकेकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. आरशात किती दिसतात ते त्यांनाच मोजू द्या. वर्धा रोडवर किंवा हिंगण्याकडे टिप्परच्या डावीकडून मोपेड घुसवायची नाही, हे नंतर भाषण देऊन सांगावं लागत नाही.

तिसरी आपल्या सिमेंट रस्त्यांची. रस्ता वर आणि बाजूचे गट्टू (पेव्हिंग ब्लॉक) खाली, अशी कड शहरात जागोजागी आहे. चाक त्या कडेला समांतर घासत वर चढवायला गेलं की हँडल अडकतं आणि गाडी आडवी होते. चुकून खाली उतरलात तर तिथेच वेग कमी करा, मागे पाहा, आणि कड शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. वळणावर सांडलेल्या रेतीचं गणितही इथेच सांगावं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस (जोड-ब्रेक) सक्तीचं आहे, म्हणजे मोपेडचा डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. उजवा फक्त पुढच्याला. हँडल वळलेलं असताना रेतीवर उजवा करकचून दाबला की पुढचं चाक घसरतं. आधी गाडी सरळ, मग ब्रेक.

हेल्मेटला अर्धी तासिका द्या. आयएसआयचा शिक्का, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल पट्टा, आणि मागून वर उचलून पाहिलं तर निघता कामा नये. एकदा आपटलेलं हेल्मेट बाद. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. उरलेल्या तासिकांत चिन्हं, ट्रिपल सीट, मोबाइल, आणि १०८ ला फोन करताना ठिकाण कसं सांगायचं ते. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-ए चं संरक्षण आहे, हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

याची गरज आता वाढली आहे. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधार जोडून घरबसल्या देता येते, आणि घरबसल्या उत्तरं कोण कोण सांगतं हे वेगळं सांगायला नको. पास व्हायला ६० टक्के पुरतात.

ड्रायव्हिंग स्कूल निवडताना

इथे फी सोडून दुसरं काही विचारलं जात नाही, आणि तिथेच फसगत होते. फॉर्म १५ हे प्रत्येक शिकणाऱ्यानं किती तास चालवलं त्याचं रजिस्टर असतं. ते दाखवा म्हणावं. दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात जा. दहा तास कागदावर आणि प्रत्यक्षात रोज पंधरा मिनिटं, असा प्रकार असेल तर २१ दिवसांत सव्वापाच तासच भरतात.

दुसरी अडचण प्रशिक्षकाच्या पायाची. ब्रेक तोच दाबतो, मूल फक्त स्टिअरिंग फिरवतं, आणि कोर्स संपल्यावर पहिल्यांदा एकटं निघालं की थांबायला उशीर होतो. शेवटच्या चार दिवसांत पाय मागे ठेवायला सांगा. तिसरी म्हणजे सकाळी सहाचे रिकामे रस्ते. सीताबर्डीतली संध्याकाळ, पाऊस, रात्रीचे समोरून येणारे अप्पर दिवे, यातलं काहीच कोर्समध्ये येत नाही. २०२१ च्या नियमांखालच्या मान्यताप्राप्त केंद्रांत हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा असतो, आठ थिअरीचे आणि २१ प्रत्यक्ष. तो केला की आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही. दुचाकी शिकवणारी स्कूलं मात्र फार थोडी, ती बहुतेक घरीच शिकली जाते.

घरी शिकवायचं तर

घरच्यांकडे एकच गोष्ट भरपूर असते, वेळ. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी ३० दिवसांनी जाता येतं. बहुतेक जण ३१ व्या दिवशी आरटीओत हजर होतात, एमएच-३१ असो की एमएच-४९. त्याऐवजी पाच महिने घ्या. पहिले पंधरा दिवस बेसा-मानेवाड्याकडच्या रिकाम्या लेआउटमध्ये, फक्त हळू चालवणं, पाय न टेकता वळणं आणि थांबणं. मग वस्तीतले रस्ते, मग दुपारचा रिंग रोड, मग पाऊस, रात्र सगळ्यांत शेवटी. ‘एल’ ची पाटी आणि मागे पक्कं लायसन्स असलेला माणूस, दोन्ही हवेत. पक्कं लायसन्स मिळाल्यावरही पहिले सहा महिने मागे मित्र बसवायचा नाही. न्यूझीलंडचा हा एवढा नियम घरी लावायला कुठलीच परवानगी लागत नाही.

घरचा तोटा सरळ आहे: बाबा राँग साइडनं पेट्रोल पंपावर जात असतील तर मुलगी तेच शिकते. म्हणून शाळेच्या तासिका आधी हव्यात. त्या झालेली मुलं घरच्यांना टोकतात, आणि तेही बरंच.

अठराच्या आत गाडीवाचून चालतच नसेल तर

कुही किंवा हिंगण्याकडून येणाऱ्या मुलीला एसटीची वेळ जुळत नाही, ही अडचण खरी आहे. शाळेनं आवारात गाड्या आणायला बंदी घातली तर त्या शेजारच्या चहाच्या टपरीमागे लागतात. बंदी घालायची तर आधी तासिकांच्या वेळा बसशी जुळवाव्यात.

दुसरी सोय विजेच्या हळू गाडीची. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल तर नियमांत ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. हेल्मेट तरीही घालायला लावा, आणि महामार्गावर ती नेऊ देऊ नका, मागून ८० नं येणाऱ्याला ती उभ्या गाडीसारखीच भासते. विकत घेताना वॉट आणि वेग बिलावर लिहून घ्या. ‘स्पीड लॉक काढून देतो, ४५ नं पळेल’ असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. लॉक काढला की सूट संपली, आणि १९९-ए पुन्हा पालकांच्या दारात.