पुलाच्या कामाची वाटणी: कामानुसार गट की पिअरनुसार प्रमुख?

पुलाच्या कामावर जबाबदाऱ्या ठरवताना बहुधा दोन पद्धतींमधून निवड करावी लागते. एकीत सळई, शटरिंग (काँक्रीटचा साचा), काँक्रीट आणि सर्व्हे यांचे स्वतंत्र गट असतात व ते एका पिअरवरून, म्हणजे पुलाच्या खांबावरून, दुसऱ्या पिअरवर सरकत जातात. दुसरीत ठरावीक पिअर एका इंजिनिअरच्या स्वाधीन होतात आणि पायापासून बेअरिंगपर्यंतच्या (खांबावर गाळा टेकतो त्या आधारापर्यंतच्या) प्रत्येक गोष्टीचा जाब त्यालाच द्यावा लागतो. मी दोन्ही प्रकारे काम केले आहे.

कामानुसार गट पाडण्याचे फायदे खरे आहेत. तेच शटरिंग पाचव्या पिअर कॅपला (खांबाच्या काँक्रीटच्या माथ्याला) लावणाऱ्या सुतारांना ड्रॉइंगकडे फारसे पाहावेही लागत नाही. तीन-चार गाळ्यांच्या पुलावर, जिथे एकच साइट इंजिनिअर दिवसातून दोनदा सगळीकडे फिरू शकतो, तिथे ही पद्धत मोडण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

मोठ्या पुलावर मात्र मला तिचा वीट आला, तो एका पिअर कॅपमुळे. बेअरिंगचे अँकर बोल्ट बसावेत म्हणून आम्हाला काँक्रीटपूर्वी पाइपच्या स्लीव्ह, म्हणजे बोल्टसाठी भोके राखणारे तुकडे, सोडायच्या होत्या. सर्व्हेअरने शटरिंगच्या कडेला खिळे ठोकून जागा आखून दिल्या. सळई बांधणाऱ्यांनी ते काम सुतारांचे मानले, सुतारांनी सळई पूर्ण झाल्यावर पाहू असे ठरवले, आणि दोन्ही गट पुढच्या पिअरवर निघून गेले. पोर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या तपासणीच्या कागदावर, तिन्ही गटांच्या सह्या होत्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती, कारण आपापल्या समजुतीप्रमाणे प्रत्येकाचे काम झालेलेच होते. सकाळी ओली पोती अंथरणाऱ्या मजुराने विचारले, "साहेब, या कॅपला भोकं नाहीत का?" नंतर दाट सळयांमधून, एकही न कापता, भोके पाडून कोअर काढताना जे हाल झाले ते सोसले, पण ते काम नेमके कोणाचे होते, हे शेवटपर्यंत ठरले नाही, याची चीड अधिक आली.

पिअरनुसार वाटणीत निदान हा प्रश्न उरत नाही. तिथे भांडणे वेगळी असतात: क्रेन आधी कोणाला आणि शटरिंगचा सेट कोणाकडे अडकला, यावरून प्रमुखांमध्ये रोज खटके उडतात. त्यासाठी क्रेन व सेटचा क्रम एका प्लॅनिंग इंजिनिअरच्या हाती ठेवावा लागतो. ही डोकेदुखी मला तरी परवडते, कारण ती काँक्रीट ओतण्यापूर्वी कानावर येते.

अर्थात, सगळेच पिअरप्रमुखाला देऊ नये. ज्याला तारीख गाठायची आहे त्याच्याच हाती काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या क्यूबच्या चाचण्या असू नयेत, आणि प्रीस्ट्रेसिंगचा (काँक्रीटमधल्या केबल ताणण्याचा) जॅक सरावलेल्या एकाच टोळीकडे असलेला बरा. लेव्हलही, म्हणजे उंचीची मोजणी, एकाच माणसाच्या ताब्यात हवी. ऱ्हाइनवरच्या लाउफेनबुर्ग पुलाच्या वेळी जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या उंचीच्या संदर्भांत 27 सेंटिमीटरचा फरक होता. तो ठाऊक असूनही दुरुस्ती उलट्या दिशेने झाली आणि बांधकाम सुरू असताना फरक 54 सेंटिमीटर भरला.

पुढच्या कामावर आम्ही पिअरनुसार वाटणी केली. स्लीव्हचे पाइप त्या त्या पिअरप्रमुखाच्या टेबलाखाली पडलेले असत, आणि काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी तिथे एकही पाइप शिल्लक नाही, हे तो स्वतः वाकून पाहत असे.