सँडबॉक्स गेममध्ये स्वतःचे नियम: एकच जीव, बंदी की हद्द?

सँडबॉक्स म्हणजे हवं ते बांधत, आपल्या मर्जीने खेळायचे गेम. त्यातल्या माइनक्राफ्टमध्ये हिऱ्याचं चिलखत अंगावर चढलं, शेतं आपोआप पिकू लागली, की पुढे काय करायचं हा प्रश्न पडतोच. गेम संपलेला नसतो, अडचणी संपलेल्या असतात. अशा वेळी नवा गेम घेण्याआधी जुन्यातच स्वतःवर एखादा नियम घालून पाहा. कुठला घालायचा, हे तुम्ही नेमके कशाला कंटाळलात त्यावर ठरवा.

एकच जीव

हा नियम सर्वात आधी सुचतो. मेलात की खेळ खलास. माइनक्राफ्टचा हार्डकोअर मोड तो स्वतःच राबवतो: काठिण्यपातळी बदलता येत नाही आणि मेल्यावर त्या जगात फक्त प्रेक्षक म्हणून फिरता येतं. थरार खराच आहे, पण माझ्या मते हा नियम बहुतेकांना भित्रं बनवतो. गुहेत उतरायचं टाळलं जातं, नेदर या धोकादायक पाताळलोकात जाणं पुढे ढकललं जातं, आणि ज्या साहसासाठी नियम घातला तेच हातून निसटतं. रिमवर्ल्ड या वसाहत चालवण्याच्या गेमला मात्र तो शोभतो. तिथल्या कमिटमेंट मोडमध्ये एकच सेव्ह (खेळाची जतन केलेली स्थिती) असतो, त्यामुळे हल्ला अंगाशी आला तरी मागे फिरता येत नाही. पण एक माणूस गेला तरी वसाहत उरते आणि गोष्ट पुढे सरकते.

बंदी

निवड माझ्यावर सोडलीत तर मी हाच नियम सुचवेन. सवयीने ज्या गोष्टीकडे हात जातो, तीच बंद करायची.

माइनक्राफ्टमधल्या गावकऱ्यांशी व्यापार बंद करून बघा. ग्रंथपालाकडून मेंडिंगचं, म्हणजे अवजार दुरुस्त करत राहणाऱ्या जादूचं, पुस्तक विकत घेणं हा इतका सोपा रस्ता आहे, की अवजार तुटण्याची भीतीच उरत नाही. तो बंद झाला की त्याच पुस्तकासाठी मासेमारी करावी लागते, खजिन्याच्या पेट्या धुंडाळाव्या लागतात. किंवा एलिट्रा, म्हणजे उडण्याचे पंख, बंद करा. उडणं गेलं की अंतराला पुन्हा किंमत येते. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ, हे गणित अचानक कामाचं होतं आणि तिथे रस्ते, रूळ बांधावेसे वाटतात. एका बंदीतून एवढं बांधकाम निघतं!

कारखाना उभारण्याच्या फॅक्टोरिओ या गेमच्या निर्मात्यांनी तर असा नियम अचीव्हमेंट, म्हणजे मिळवायचा किताब, म्हणूनच दिला आहे. ‘लेझी बास्टर्ड’साठी हाताने 111 पेक्षा जास्त वस्तू न बनवता गेम जिंकायचा. त्यामुळे सुरुवातीपासूनच प्रत्येक गिअर, प्रत्येक वाहक पट्टा यंत्राकडून कसा करून घ्यायचा याचा विचार करावा लागतो.

एक पथ्य पाळा: बंदी आधीच आणि नेमक्या शब्दांत लिहून ठेवा. ‘फार सोपं होईल असं काही करायचं नाही’ हा नियम नव्हे, तो रोज स्वतःशी वाद घालावा लागेल अशी पळवाट आहे.

हद्द

बांधकामाची आवड असेल तर हा घ्या. माइनक्राफ्टच्या एकाच चंकमध्ये, म्हणजे 16 बाय 16 ब्लॉकमध्ये राहायचं. खाली-वर मिळून 384 ब्लॉक मिळतात, त्यामुळे घर मजल्यामजल्यांनी उभं राहतं. पेट्यांमध्ये सामान साठवत बसण्याचा कंटाळा आला असेल तर उलट करा: दोन रात्री एका जागी झोपायचं नाही, आणि मालमत्ता इन्व्हेंटरीच्या (सोबतच्या पिशवीच्या) 36 खणांत मावेल तेवढीच.

तिघांमध्ये फरक कुठे पडतो

नियम निभावता आला नाही की. एकच जीव असताना एक चूक सगळं जग घेऊन जाते. बंदी जाचक वाटली तर उठवता येते, हद्द थोडी वाढवता येते, आणि जग शाबूत राहतं. मित्रांबरोबर खेळत असाल तर हा फरक आणखी जाणवतो. हार्डकोअरमध्ये पहिला जो मेला, तो उरलेल्या वेळात नुसता बघत बसतो. बंदी सगळ्यांना सारखी लागू होते आणि वाट सगळे मिळून शोधतात. म्हणून चमूसाठी बंदीच घ्या. एकट्याने खेळत असाल आणि एका जगावर फार वेळ घालवायचा नसेल, तर एकच जीव घ्यायला हरकत नाही.