‘लिव्हिंग विल’ची पॅकेजं: फी नेमकी कशाची?

‘लिव्हिंग विल’ म्हणजे पुढे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला दस्त. मालमत्तेच्या मृत्युपत्रासोबत तोही घरी येऊन करून देणाऱ्या सेवा आता पुण्यात मिळतात. ज्याला जिना उतरवत नाही, त्याला ही सोय मोठीच. पण सेवेची पारख मसुद्यावर होते, आणि छापील साच्यात फक्त नाव भरलेलं असेल तर पाचापैकी दोनच तारे.

आधी कायद्याला काय लागतं ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा दस्त करण्याचा हक्क मान्य केला, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट घातली आणि तिथेच घोडं अडलं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार, शक्यतो बाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. दस्त नोंदणीची अट नाही. बिलात ‘रजिस्ट्रेशन’ अशी ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा.

खरी मेख मजकुरात आहे. ‘कृत्रिम उपचार नकोत’ हे वाक्य कुचकामी. सूचना संदिग्ध असल्या तर त्या तपासणारं डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ त्या अमलात आणत नाही. व्हेंटिलेटर, सीपीआर, डायलिसिस, नळीवाटे अन्न यांचा एकेक करून उल्लेख हवा. वेदनाशमन चालू ठेवावं, हेही लिहावं. मसुदा फक्त इंग्रजीत असेल आणि करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल, तर सही त्याची आणि इच्छा वकिलाची.

दुसरी चूक अगदी पुणेरी: प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीने संमती देणारा, म्हणून एकट्या अमेरिकेतल्या मुलाचं नाव. उपचार थांबवायचे का, यावर प्राथमिक आणि मग दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांनी प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं आणि त्यात प्रतिनिधीची संमती लागते. एकाहून अधिक नावं चालतात, तेव्हा शहरातलं एक घालाच. ते नातेवाइकाचंच हवं असंही नाही, विश्वासातली मैत्रीणही चालेल.

चांगली सेवा विल करणाऱ्या माणसाशी एकांतात बोलते. सून चहा घेऊन उभी, मुलगा शेजारी बसलेला, अशा बैठकीत ‘मला उपचार हवेत’ म्हणायची चोरी होते. तेही म्हणता यायला हवं. साक्षीदार आणि नोटरी ‘स्वेच्छेने केलं’ असं लिहून देतात, ते नुसतं शिक्क्यापुरतं नसावं.

अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या स्टॅनफर्डमधल्या व्याख्यानात ‘समता कशाची?’ असं विचारलं होतं. साधनं सारखी वाटली तरी ती वापरून प्रत्येकाला सारखंच काही करता येतं असं नाही, हा त्यांचा मुद्दा. इथे तो तंतोतंत लागू पडतो. सदाशिव पेठेतल्या निवृत्त प्राध्यापकाकडे फॅमिली डॉक्टर असतो, ओळखीचा राजपत्रित अधिकारी असतो. त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा हक्क तोच, पण हाताशी यातलं काहीच नाही. म्हणून मराठीतून वाचून दाखवणं आणि कमी फीचा पर्याय या दोन गोष्टींना मी प्रत्येकी एक तारा जास्त देईन.

शेवटचा टप्पा बहुतेक पॅकेजांत नसतो: प्रती पोचवणं. एक प्रत प्रत्येक प्रतिनिधीला, एक फॅमिली डॉक्टर असल्यास त्यांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे शहरात महापालिकेकडे. तिथून पोच घ्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली प्रत रात्री दोन वाजता आयसीयूत कुणाच्याच उपयोगाची नाही. पुढे विचार बदलला तर लेखी रद्द करता येतं. बदलाची फी किती, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.