शिडाच्या होडीवर कोणती व्हिस्की? बेलापूरच्या खाडीतून एक मत

दिवाणखान्यात उत्तम लागणारी व्हिस्की शिडाच्या होडीवरही तितकीच रंगेल, असे नाही. बेलापूरच्या खाडीत शिडे उतरवून, नांगर टाकून बसले की खारट, दमट वारा सतत तोंडावर येत असतो आणि पेल्यातला बर्फ बघता बघता विरघळतो; अशा वेळी मद्याचा नाजूक सुगंध नाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून माझी कसोटी एकच आहे: बर्फ निम्मा वितळल्यावरही जिची चव जागेवर राहते, ती होडीवरची व्हिस्की.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरते ती 10 वर्षे मुरलेली टॅलिस्कर. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, कार्बोस्ट या गावी, जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याकाठी 1830 मध्ये सुरू झालेल्या भट्टीत ती तयार होते. तिला पीटच्या, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या वनस्पतिगाळाच्या, धुराचा वास आहे, पण तो लाफ्रॉयग या धुरकट स्कॉच व्हिस्कीसारखा औषधी आणि अंगावर येणारा नाही. आधी थोडा गोडवा, मग मिठाची चाहूल, आणि घोट खाली उतरल्यावर घशाशी काळ्या मिरीचा झणका, असा तिचा क्रम आहे. मद्यार्क 45.8 टक्के असल्यामुळे बर्फाचे पाणी तिला सहज पचते. धूर जरासा मागे सरतो, गोडवा पुढे येतो, मिरी मात्र शेवटच्या घोटापर्यंत हजर असते. स्कायमध्ये कच्च्या कालवांवर ही व्हिस्की थोडीशी ओतून खातात. आपल्या खाडीतल्या कालवांवर तो प्रयोग कोणी करू नये, हे पाण्याचा रंग पाहिलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. दिवाळे गावच्या बाजारातली मांदेली रवा लावून कुरकुरीत तळून डब्यात नेली, तर टॅलिस्करशी तिची जोडी अशी जमते की वेगळा चकणा लागत नाही.

आयात करामुळे टॅलिस्कर दर वेळी परवडत नाही, आणि इथेच गोव्याची पॉल जॉन मदतीला येते. तिथल्या कुंकळ्ळी गावच्या उष्ण हवेत पिंपातले मद्य वर्षाला सुमारे 8 टक्के उडून जाते, तर स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे थोड्याच वर्षांत तिला चांगला दाटपणा येतो. तिच्यातली ‘एडिटेड’ मला होडीसाठी विशेष योग्य वाटते. मध, कोको आणि वरून हलकासा धूर, अशी तिची चव आहे आणि मद्यार्क 46 टक्के आहे. बर्फ घातल्यावर ती किंचित गढूळ दिसली तर बिचकू नये; थंड करून गाळण्याची प्रक्रिया तिच्यावर केलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

बंगळुरूच्या अमृतची ‘फ्यूजन’ भारतीय बार्ली आणि पीटचा धूर दिलेली स्कॉटिश बार्ली यांच्या मेळातून बनते आणि चवीत कुठेही कमी पडत नाही, परंतु 50 टक्के मद्यार्क, उकाडा आणि हेलकावे हे तिन्ही एकत्र आले की एका पेगावर थांबणेच शहाणपणाचे. स्कॉटलंडमधल्या विक या मासेमारी बंदरातली ओल्ड पल्टनी बाटलीवरच्या गलबतामुळे होडीवर शोभते खरी, पण तिची 40 टक्क्यांची 12 वर्षांची बाटली बर्फाने लगेच पातळ होते. जानेवारीतल्या संध्याकाळी बर्फाशिवाय घेतली तर मात्र छान लागते. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या महागड्या बाटल्या घरीच ठेवाव्यात.

बाटली नेहमी उभी, कपड्यात गुंडाळून पेटीत अडकवून ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र मद्याने बूच खराब होते. काचेचे पेले नेऊ नयेत. स्टीलचे छोटे पेले दिसायला साधे असले तरी डेकवर फुटत नाहीत. बाटली उघडायची ती नांगर पक्का बसल्यावरच, आणि ज्याला रात्री सुकाणू धरून परतायचे आहे त्याने लिंबू सरबतावर भागवावे, कारण ओहोटीला इथे गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि उधाणाच्या दिवसांत पाणी फार वेगाने उतरते. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो.

मंडळी जास्त असतील आणि सोडा घालूनच प्यायची असेल, तर कटी सार्क पुरे. 1869 मध्ये बांधलेल्या आणि आज ग्रिनिचला जतन केलेल्या शिडाच्या जहाजाचे नाव घेऊन 1923 मध्ये आलेली ही हलकी ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्कींचे मिश्रण, आहे. तिच्याकडून खोलीची अपेक्षा ठेवू नये, पण भरपूर सोड्यात ती तहान चांगली भागवते आणि टॅलिस्करची बाटली पुढच्या फेरीसाठी शिल्लक राहते.