सातचा की आठ-दोनचा? एअर पिस्तुलाचा छर्रा निवडताना

पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरनं 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, आणि चारच दिवसांनी आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. तेव्हापासून सोलापुरातही पोरांना घेऊन नेमबाजीच्या रेंजची चौकशी करणारे आईबाप वाढलेत. पिस्तूल कोणतं घ्यायचं यावर सगळे महिना-महिना खल करतात. छर्‍याची वेळ आली की मात्र दुकानदाराला फोन लावून ‘द्या कुठलातरी चांगला’ म्हणून मोकळे होतात. हे त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे हौशी आहेत, स्पर्धेत उतरतात पण राष्ट्रीय संघाची स्वप्नं पाहत नाहीत, त्यांच्यासाठी.

4.5 मिलिमीटर, सपाट तोंडाचा मॅच छर्रा, म्हणजे स्पर्धेचा छर्रा, हे गृहीत धरतो. प्रश्न वजनाचा आहे. 7 ग्रेन म्हणजे 0.45 ग्रॅम, आणि 8.2 ग्रेन म्हणजे 0.53 ग्रॅम. रेंजवर आम्ही ‘सातचा’ आणि ‘आठ-दोनचा’ म्हणतो. सातच्याच्या बहुतेक डब्यांवर पिस्तुलाचं चित्र असतं, आठ-दोनच्याच्या डब्यांवर रायफलचं, आणि निम्म्या लोकांचा निर्णय त्या चित्रावरच होतो. नियमाला वजनाशी देणंघेणं नाही. मोठ्या स्पर्धांतही पिस्तुलात आठ-दोनचा घालणारे नेमबाज असतात.

सातच्याची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच भक्कम आहे. पिस्तुलाची नळी आखूड, हवेचा जोर बेताचा. हलका छर्रा त्यातून लवकर सुटतो. समजा तुमचं पिस्तूल सातच्याला सेकंदाला 150 मीटरचा वेग देत असेल, तर तेवढ्याच ऊर्जेत आठ-दोनचा 139 च्या आसपास जाईल. छर्रा नळीत जितका कमी वेळ, तितकी शॉट सुटताना हात हलण्याची संधी कमी, असा युक्तिवाद आहे. खोटा नाही. पण हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आतला आहे. ट्रिगर सुटताना माझं मनगट जेवढं हलतं त्यापुढे तो कुठेच नाही. ज्याचा हात दगडासारखा स्थिर आहे त्याला कदाचित तो जाणवेल. मला कधी जाणवला नाही.

लक्ष्यावरचा फरक मात्र दिसतो. 10 मीटरवर आठ-दोनचा सातच्यापेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर खाली लागतो. पिस्तुलाच्या लक्ष्यात एकेक वर्तुळ 8 मिलिमीटर रुंद, म्हणजे हे जवळजवळ अर्धं वर्तुळ झालं. पण हा फरक कायमचा आणि सारखा आहे. नेम धरायची मागची खाच, म्हणजे मागची साइट, दोन-तीन क्लिक वर घेतली की विषय संपला. हुकलेला शॉट वेगळा आणि सरकलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा सगळा पुंजका, वेगळा. नवीन पोरं या दोन्हींत गल्लत करतात आणि छर्रा बदलल्यावर दहाच शॉटमध्ये ‘हा बेकार आहे’ असा निकाल देऊन टाकतात.

झटक्याचंही तसंच. आठ-दोनचा सुटताना पिस्तूल हिशेबानं आठेक टक्के जास्त मागे रेटतं. आजकालच्या मॅच पिस्तुलांत झटका जिरवायला अॅब्झॉर्बर असतो, त्यात हे विरून जातं. साध्या पिस्तुलात किंचित कळतं. मला तर तो जास्तीचा धक्का बरा वाटतो. शॉट झाल्यावर साइट कुठे उठली आणि कुठे परत बसली ते नीट दिसतं, फॉलो थ्रूची, म्हणजे शॉट सुटल्यावरही नेम धरून राहण्याची, सवय लागते. पण हा माझ्या हाताचा स्वभाव असू शकतो.

इथवर तराजू सातच्याकडेच थोडा झुकतो. आता ज्या कटकटीनं माझ्यापुरता निकाल लावला, ती सांगतो.

दोन्ही छर्‍यांचा बाहेरचा आकार जवळपास सारखाच. मग वजन कुठून कमी करणार? आतल्या पोकळीतून. म्हणजे सातच्याचा स्कर्ट, मागचा घेर, पातळ होतो. शिसं मुळात मऊ, त्यात पातळ. सोलापुरात चांगले मॅच छर्रे जाऊन हातात घेता येतील असं दुकान मला तरी सापडलेलं नाही. पुण्या-मुंबईहून पार्सल मागवावं लागतं. पाचशे छर्रे एका पत्र्याच्या डब्यात, वर फोमचा पातळ तुकडा, आणि अडीचशे-चारशे किलोमीटर खडखडाट. डबा उघडला की वरचे छर्रे देखणे दिसतात. खालच्या थरातले काढून उजेडात धरले की कुणाचा स्कर्ट एका बाजूनं चेपलेला, कुणाचा अंडाकृती झालेला. पार्सल कंपनीला कळवलं तर उत्तर ठरलेलं: डबा फुटला नाही ना, मग तक्रार कसली.

चेपका छर्रा काय करतो? ताकदवान रायफलमध्ये हवेचा दाब स्कर्टला आतून फुगवून नळीला चिकटवतो, थोडाफार चेप निघून जातो. पिस्तुलात तेवढा दाब नसतो. चेपलेल्या बाजूनं हवा निसटते, वेग पडतो, छर्रा खाली लागतो. दहा टक्के वेग पडला तर 10 मीटरवर पाचेक मिलिमीटर खाली. दहा गुणांच्या वर्तुळाच्या काठावरचा शॉट लगेच नऊ.

आणि नेमका खालीच, ही खरी गोम आहे. पिस्तुलात सहा वाजता, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी सरळ खाली, गेलेला नऊ म्हणजे ट्रिगर हिसकला किंवा मनगट पडलं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. शॉट खाली गेला की माणूस स्वतःला तपासायला लागतो. पकड घट्ट झाली का, बोट आडवं ओढलं का, श्वास लांबला का. मी सातचा वापरायचो तेव्हा असा नऊ आला की पुढचे चार-पाच शॉट त्या संशयात जायचे, आणि संशयानं मारलेला शॉट कसा जातो ते सांगायला नको. दोष माझाही असायचा, नाही असं नाही. पण माझा कोणता आणि छर्‍याचा कोणता, हे कळायला मार्ग नव्हता. एखादा छर्रा कधीमधी एक गुण खातो याचं मला वाईट वाटत नाही. तो माझं आतलं गणित चुकवतो, त्याचा त्रास आहे.

मग निवडणं आलं. जेवणं झाली की जुन्या फोटोफ्रेमची काच टेबलावर ठेवायची, एक बाजू किंचित उचलून छर्रा आडवा सोडायचा. डोकं आणि स्कर्ट यांच्या घेरात थोडा फरक असल्यामुळे चांगला छर्रा सरळ न जाता एक सुबक वळण घेऊन काठाशी येतो. चेपलेला अडखळतो, टुकटुक करत दुसरीकडेच जातो. चांगले एका डबीत, वाईट दुसर्‍या डबीत, ते सरावाच्या पहिल्या दहा शॉटना. बायको शेजारून म्हणायची, ‘एवढं निवडताच आहात तर परात देते, तूरडाळही निवडून टाका.’ तिचंही खरं होतं. साठ शॉटच्या सामन्यासाठी सायटर, म्हणजे आधीचे न मोजले जाणारे शॉट, धरून ऐंशीएक छर्रे निवडायचे म्हणजे संध्याकाळ जाते.

बरं, निवडून झाले तरी सुटका नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला, रेंजवर पत्रा तापलेला, पंखा लावावा तर टार्गेटचा कागद फडफडतो. घामेजलेल्या बोटांनी छर्रा चिमटीत धरून खाचेत ठेवताना तो अंगठ्याला चिकटतो, तिरका बसतो, आणि घाईत बोल्ट पुढे ढकलला की काचेवर पास झालेला छर्रा तिथेच चेपतो. सातच्याच्या बाबतीत हे नेहमीचं. आठ-दोनचा जाड स्कर्टामुळे सोसतो. त्याच पार्सलनं, त्याच रस्त्यानं आलेला आठ-दोनचा डबा मी काचेवर लावून पाहिला तेव्हा बाजूला काढण्याजोगे मोजकेच निघाले. आता मी निवडतच नाही. डब्यातून उचलतो, घालतो, मारतो. शॉट खाली गेला तर तो माझा, हे मला माहीत असतं.

सरासरी किती वाढली, असं कुणी विचारलं तर आकडा देणार नाही. त्याच काळात माझी पकडही बदलली होती, ग्रिप थोडी घासून घेतली होती. श्रेय कुणाला द्यायचं? सामना संपल्यावर डोकं कमी शिणतं, एवढं सांगू शकतो.

सातचाच घ्यावा अशीही माणसं आहेत. ज्यांचं पिस्तूल एकदाच लिव्हर ओढून हवा भरायचं, कमी ताकदीचं आहे, त्यांना जड छर्रा फारच मंद वाटेल. कागदी टार्गेटवर भोकाची कडाही फाटकी येण्याची भीती, मग पंचांशी हुज्जत. बारा-तेरा वर्षांच्या पोरांनाही साध्या पिस्तुलात सातचा सोपा जातो. आणि ज्यांना पुण्यात बालेवाडीला जाऊन दुकानदारासमोर डबा उघडून घेता येतो, किंवा ज्यांना खाचांच्या ट्रेमध्ये एकेक बसवून येणारे महागडे छर्रे परवडतात, त्यांना माझी ही सगळी तक्रार परकी वाटेल. त्यांनी सातचा खुशाल मारावा.

मधला मार्ग म्हणून 7.56 ग्रेनचा, म्हणजे 0.49 ग्रॅमचा छर्रा मिळतो. मी वापरला आहे. वाईट काहीच नाही, पण मला त्यात बाजू घेण्यासारखंही काही सापडलं नाही.

वजनापेक्षा डोक्याच्या मापावर जास्त भांडावं, असं जाणकार सांगतात आणि ते मला पटतं. 4.49 आणि 4.50 हे आकडे डब्यावर बारीक छापलेले असतात. तुमच्या नळीला कोणता मानवतो ते मारूनच कळतं. कारखान्यात पिस्तूल शिकंज्यात आवळून तपासतात. आपल्याकडे शिकंजा कुठून आणणार? मी सोलापुरी चादरीची जाड घडी टेबलावर ठेवतो, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून मनगटं तिच्यावर टेकतो आणि एका कागदावर एका मापाचे पाच, दुसर्‍यावर दुसर्‍याचे पाच, असं आलटूनपालटून मारतो. ज्या कागदावरची भोकं एकमेकांत मिसळून एकच मोठं भोक होतं, ते माप आपलं. ही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण डब्यावरच्या चित्रापेक्षा बरी.

छर्रे हाताळून झाले की साबणानं हात धुवा, मगच भाकरी-शेंगाचटणीला हात लावा. शिसं आहे ते, आणि पोरं ऐकत नाहीत.

आता मागवणारच असाल तर दोन्ही वजनांचा एकेक डबा, शक्यतो एकाच कंपनीचा आणि डोक्याच्या एकाच मापाचा, मागवा. आठ-दोनचा आधी उघडा आणि साइट त्याच्यावर लावून घ्या. सातचा काचेवर सोडून बघा. निम्म्याहून जास्त सुबक वळण घेत असतील तर तुमचं पार्सल माझ्यापेक्षा नशीबवान आहे, मग निवड तुमची. नाहीतर तो डबा ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगरचा सराव, करून कंटाळलेल्या नवीन पोरांना सरावाला द्या, आणि पुढच्या ऑर्डरीत आठ-दोनचे दोन डबे लिहा.